न झालेल्या स्पर्धेचा विजेता

"थांबा," आर्डिसबाई म्हणाल्या. "हा कुणी दाबलेला नाही. फ्रीजने दाबलाय."

दोन्ही संघांनी बझरवरचे हात उचलून हवेत धरले, बँकेत दरोडा पडल्यावर धरतात तसे. तिसऱ्या खुर्चीसमोरचा लाल दिवा खरोखरच आपला आपण पेटला होता. भिंतीजवळचा थोराड फ्रीज घरघरायला लागला की तो पेटायचा, आणि सकाळपासून ही चौथी वेळ होती. फ्रीजची पिन काढावी, तर आत चार थरांचा केक, त्यावर स्पर्धेच्या पन्नाशीचा साखरेचा आकडा. केक वितळला असता तर स्पर्धाप्रमुख डॉ. क्लेव्हन पण वितळले असते.

प्रश्नमंजुषेची अंतिम फेरी आहारशास्त्राच्या प्रयोगशाळेत घ्यायची ही कल्पना डॉ. क्लेव्हन यांचीच. मोठा हॉल शाळांच्या कुस्तीला गेला होता. त्यामुळे राज्यातले सगळ्यात हुशार आठ विद्यार्थी गॅसच्या शेगड्यांमागे ओळीने बसले होते, हॉटेलात नोकरीला लागल्यासारखे. डावीकडे रेड फोर्क कॉलेज, उजवीकडे प्रेअरी हिल. गुण दोघांचे सारखेच, दोनशे पंच्याऐंशी. आणि हा विसावा, म्हणजे शेवटचा प्रश्न.

आर्डिसबाईंनी दिवा विझेपर्यंत वाट बघितली आणि प्रश्न जिथे तुटला होता तिथून पुढे वाचायला घेतला. आवाज नेहमीचाच, चढ नाही की उतार नाही. प्रश्न संपला. पाच सेकंद गेली. कुणालाच येईना.

"बरोबरी," बाई म्हणाल्या, आणि मागच्या बाकांवर चाळीसेक माणसांनी एकदम श्वास सोडला.

आर्डिस ब्रेक्के, वय सदुसष्ट. याच टॅमरॅक कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात बेचाळीस वर्षं सेक्रेटरी. चार महिने फुटबॉल आणि आठ महिने बर्फ असलेल्या या मुलखात दरवर्षी मार्चमध्ये ही कॉलेजांची प्रश्नमंजुषा व्हायची, आणि १९८० पासून तिची अंतिम फेरी बाईच वाचायच्या. आजची चाळिसावी. चाळीस वर्षांत त्यांचा एकही निकाल फिरला नव्हता. मोठमोठे प्राध्यापक हरकत घेऊन आले, पुस्तकं उघडून बघितली, आणि पुस्तकं मिटून कॉफी प्यायला गेले. आज तीन वाजता बक्षीस समारंभात डॉ. क्लेव्हन जाहीर करणार होते की यापुढे या चषकाला 'आर्डिस ब्रेक्के चषक' म्हणायचं. गुपित होतं, म्हणजे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. बाईंच्या नावावर आजवर एक जुनी गाडी आणि दफनभूमीत आईशेजारची जागा, एवढंच होतं. परवापासून त्या आरशासमोर उभं राहून नवल वाटल्याचा चेहरा करून बघत होत्या. जमत नव्हता.

बरोबरी झाली की एकच प्रश्न. जो आधी बरोबर सांगेल तो जिंकला. जो आधी चुकेल तो तिथल्या तिथे हरला. हा प्रश्न वेगळ्या बंद पाकिटात असतो आणि फक्त स्पर्धाप्रमुखाला माहीत असतो. डॉ. क्लेव्हन पाकीट घेऊन पुढे आले. पस्तिशीचा माणूस, अंगात 'सलग पन्नास वर्षे' असं छापलेला शर्ट. असे दोनशे शर्ट छापून घेतले होते. पाकीट देताना ते बाईंकडे बघून गोड हसले. एरवी ते असे हसत नसत.

त्यांनी पाकीट फोडलं. रिवाज असा, की वाचणाऱ्याने आधी मनात एकदा वाचायचं, मग मोठ्याने. बाईंनी मनात वाचलं आणि पेल्यातलं पाणी प्यायल्या. मग पेल्यात पाणी नव्हतं तरी एकदा प्यायल्या.

प्रश्न या स्पर्धेच्याच इतिहासावर होता, आणि तो इतिहास बाईंनीच लिहिला होता.

झालं होतं असं. गेल्या शरद ऋतूत डॉ. क्लेव्हन म्हणाले होते की पन्नाशीनिमित्त एक पुस्तिका काढू, तुमच्याशिवाय कोण लिहिणार. बाईंनी बत्तीस पानं लिहिली. १९८६ साली एका संघाने चुकीच्या इमारतीत शिरून चर्चच्या बालवर्गाशी दोन फेऱ्या खेळल्या आणि दोन्ही हरले, ते लिहिलं. १९९१ साली प्रश्नसंचांची अदलाबदल होऊन एका संघाला त्यांनी स्वतःच पाठवलेले प्रश्न विचारले गेले आणि त्यातले सहा त्यांना आले नाहीत, तेही लिहिलं. फक्त १९७९ पाशी हात तीन दिवस अडला.

कारण १९७९ साली स्पर्धा झालीच नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी वादळ आलं आणि राज्यातला एकूण एक रस्ता बंद झाला. सहा संघ निघाले होते, सहाच्या सहा वाटेत अडकले. स्पर्धा सुरू करणारे प्राध्यापक टोस्ट्रुड स्वतःच मेव्हण्याच्या शेतावर बर्फात गाडले गेले. आता कॉलेजचा वार्षिक अहवाल दरवर्षी छपाईला आधीच जायचा, कारण छापखानेवाल्याला वसंतात मासे धरायला जायचं असायचं. फेब्रुवारीतच टोस्ट्रुडसाहेबांनी लिहून दिलं होतं की दहावी स्पर्धा उत्साहात पार पडली, आणि विजेत्याची जागा तेवढी मोकळी सोडली होती. सोमवारी छापखान्यातून सत्तावीस वर्षांच्या आर्डिसला फोन: नाव सांगा, यंत्र थांबवून ठेवलंय. तिने टोस्ट्रुडसाहेबांना शेतावर फोन लावला. साहेबांनी थोडा विचार केला आणि विचारलं, सगळ्यात जवळ कोण पोचलं होतं. रेड फोर्कची बस, ती म्हणाली, अकरा मैलांवर.

"मग रेड फोर्क घाल," साहेब म्हणाले. "बाकीचे तेवढेही आले नाहीत."

तिने घातलं. अहवाल वाचून जवाहिऱ्याने चषकावर पितळी पट्टी ठोकली. पट्टी आहे म्हटल्यावर प्रमाणपत्रं धाडावी लागली. मग रेड फोर्कच्या डीनचं आभाराचं पत्र आलं, त्यात संघाच्या चिकाटीचं कौतुक. कुणी धडधडीत खोटं असं बोललंच नाही. प्रत्येकाने फक्त आपापलं काम वेळेत केलं. टोस्ट्रुड वारले, छापखानेवाला वारला, जवाहिऱ्याचं दुकान गेलं. उरल्या बाई. पुस्तिकेत त्यांनी शेवटी एवढंच लिहिलं: हिमवादळाला न जुमानता रेड फोर्क विजयी. पट्टीवर होतंच ते.

"मिस ब्रेक्के," डॉ. क्लेव्हन हळूच म्हणाले, "वाचता ना?"

बाईंनी वाचायला सुरुवात केली. "याच स्पर्धेच्या सलग पन्नास वर्षांच्या परंपरेत, १९७९ च्या मार्चमध्ये, भीषण हिमवादळाला न जुमानता, कोणत्या कॉलेजने…"

रेड फोर्कचा दिवा लागला. फ्रीज गप्प होता.

दाबला होता मारेन सॅटरने. रेड फोर्कची कप्तान, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, केसांची वेणी पेन्सिलीने अडकवलेली. बाईंच्या हातातल्या कागदावर उत्तर छापलेलं होतं: रेड फोर्क. खाली ठळक अक्षरात: इतर काहीही स्वीकारू नये. बाईंना हायसं वाटलं. ती पोरगी आपल्याच कॉलेजचं नाव घेणार, जिंकणार, मग केक, समारंभ, आणि १९७९ कायमचं बर्फाखाली.

मारेन टेबलावरच्या चषकाकडे बघत होती. आता या खेळातल्या पोरांचं एक असतं: साध्या प्रश्नाला ती घाबरतात. चषक सगळ्यांच्या नाकासमोर ठेवलेला, एकोणपन्नास पट्ट्या चकचकीत पुसलेल्या, आणि १९७९ ची पट्टी नेमकी शेगड्यांच्या बाजूला तोंड करून. ज्याचं उत्तर समोर वाचता येतंय असा प्रश्न निर्णायक म्हणून कुणी विचारेल का? डॉ. क्लेव्हन यांनी विचारला होता, कारण त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. पण मारेनच्या डोक्यात हे येईना. यात नक्की गोम आहे, असं तिला वाटलं. आणि गोम काय आहे हे तिला घरातूनच माहीत होतं.

"कुणीच नाही," मारेन म्हणाली. "त्या वर्षी स्पर्धा झालीच नाही."

मारेनच्या शेजारच्या पोराने डोळे मिटून घेतले. प्रेअरी हिलचा कप्तान, वेस्टन नावाचा उंचेला मुलगा, चक्क उभा राहिला होता. चुकीचं उत्तर म्हणजे त्यांचा विजय, आणि ते त्याला बाईंच्या आधी कळलं होतं. फक्त बाईंनी तोंडाने 'चूक' म्हणायचं बाकी होतं. वाचणाऱ्याने निकाल ताबडतोब द्यायचा, हा नियम. तो बाईंनीच १९८४ साली टाइप केला होता.

एक शब्द. कागदावर होता तोच. म्हटला असता तर कुणी काही बोललं नसतं. पोरीची घोडचूक म्हणून दहा वर्षं चघळली गेली असती, आणि पोरीला पुढे जन्मभर वाटलं असतं की आपलंच चुकलं.

"बरोबर," आर्डिसबाई म्हणाल्या.

आमच्याकडची माणसं आरडाओरडा करत नाहीत. चाळीस माणसं नुसती खुर्चीत थोडी पुढे सरकली, तरी तो आवाज मोठा वाटला. वेस्टन मात्र बोललाच, की कागदावर काय लिहिलंय ते दाखवा. बाईंनी कागद उलटा करून सगळ्यांना दाखवला.

"छापलेलं रेड फोर्क आहे," त्या म्हणाल्या. "ते चूक आहे. ते मीच लिहिलेलं आहे. त्या वर्षी इथे कुणी आलं नव्हतं."

मग जे पाऊण तास चाललं त्याला हरकतीची सुनावणी म्हणायचं. प्रेअरी हिलचे मार्गदर्शक रॉइस ॲमडल, साठीला आलेले, सभ्य इतके की स्वतःच्या घरातही दार वाजवून जातील. ते पुढे आले आणि म्हणाले की मी काही हरकत घेतोय असं नाही, पण समजा घेतलीच तर ती कशी दिसेल, तेवढंच जरा बघू या. वेस्टन म्हणाला, सर, घ्या की सरळ. ॲमडल म्हणाले, घेतोच आहे बाबा, हळूहळू.

नियम असा होता की हरकतीला छापील पुरावा लागतो. ॲमडलसाहेबांकडे पुरावे मुबलक: चषकाची पट्टी, वार्षिक अहवाल, पुस्तिका, दोनशे शर्ट. मारेनकडे पुरावा एकच, तिचे आजोबा. ते तेव्हा रेड फोर्कच्या बसचे ड्रायव्हर होते आणि संघाला घेऊन दोन रात्री कुणाच्या तरी डुकरांच्या गोठ्यात झोपले होते. जिंकल्याचं प्रमाणपत्र आलं तेव्हा घरात सगळे महिनाभर हसत होते, असं ती म्हणाली. आजोबा कुठे छापून आलेले नव्हते.

डॉ. क्लेव्हन यांनी बाईंना हाताला धरून शेजारच्या कोठारात नेलं, मैद्याच्या पिंपांमध्ये. त्यांचा चेहरा शर्टाहून पांढरा झाला होता. ते आधी शर्टांविषयी बोलले, मग बाहेर लावलेल्या फलकाविषयी, मग कॉलेजच्या अध्यक्षांविषयी, जे तीन वाजता 'अखंड परंपरा' या विषयावर बोलणार होते. मग त्यांनी आवाज मऊ केला.

"आर्डिस, चाळीस वर्षं झाली त्याला. तुमचा गोंधळ होत असेल. होतो हो. माझी आई सत्तरची आहे, ती माझ्या भावाला माझ्या नावाने हाक मारते. तुम्ही बाहेर येऊन एवढंच म्हणा, की नीट आठवत नाही. कुणी काही म्हणणार नाही तुम्हाला. उलट सगळे… चषक तुमच्याच नावाने राहील."

वाट सोपी होती. म्हातारपणाची सही करायची आणि सुटायचं. बाईंनी पिंपावर सांडलेला मैदा तळहाताने एकत्र केला आणि झाकणाच्या कडेला नेऊन ठेवला.

"मला नीट आठवतंय," त्या म्हणाल्या.

"मग ही पन्नासावी नाही."

"एकोणपन्नासावी."

डॉ. क्लेव्हन पिंपावर बसले. मग म्हणाले, की पुढच्या वर्षी वाचायला कुणी तरुण माणूस बघावं असं कमिटीचं मत पडू शकेल. कमिटी म्हणजे ते स्वतः आणि त्यांची बायको. बाई म्हणाल्या, पडेलच.

बाहेर येताना त्यांनी पाय नीट टाकले. ॲमडलसाहेब हातात पुस्तिका घेऊन उभे होते. अजून त्यांना हरकतीची वही भरायची होती, पेन उघडलेलं होतं.

"मिस ब्रेक्के, एक विचारू का," ते म्हणाले. "१९८३ ला मी खेळलो होतो. उपांत्य फेरीत तुम्ही माझं उत्तर चूक दिलं होतंत. शेवटचाच प्रश्न होता तो. मी तेव्हा गप्प बसलो, कारण सगळे म्हणाले, ब्रेक्के चुकत नाही. छत्तीस वर्षं मी म्हणतोय, ब्रेक्के चुकत नाही. मग आता तेही…"

वाक्य पुरं करण्याची गरज नव्हती. मागच्या बाकांवर असे आणखी चार-पाच पिकलेले चेहरे होते, आणि प्रत्येकजण मनातल्या मनात आपापलं वर्ष उघडून बघत होता. बाईंना ते सगळं दिसलं. एका शब्दाने एक वर्ष गेलं असतं तर चाललं असतं. इथे चाळीसच्या चाळीस हलायला लागली होती.

"ते उत्तर चूकच होतं, रॉइस," बाई म्हणाल्या. "नदी तू बरोबर सांगितलीस. देश शेजारचा सांगितलास."

"मला वाटलंच होतं," ॲमडलसाहेब म्हणाले. मग पेनाला टोपण लावलं आणि वेस्टनला म्हणाले, चल, गाडीत बसू, रस्ता गोठायच्या आत निघू. वेस्टनने विचारलं की म्हणजे आपण हरकत घेतच नाही आहोत का. ॲमडल म्हणाले, घेतली होती, आता ठेवली परत.

तीन वाजता समारंभ झाला. अध्यक्षांना कुणी सांगायचं यावर एकमत न झाल्यामुळे ते अखंड परंपरेवर पंचवीस मिनिटं बोलले. श्रोते 'सलग पन्नास वर्षे' लिहिलेल्या शर्टांवर हाताची घडी घालून बसले. चषकाच्या नावाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत पाचवा होता, चौथ्यानंतर डॉ. क्लेव्हन सहाव्यावर गेले. रेड फोर्कला चषक मिळाला, आणि त्याच क्षणी त्यांचा एक जुना विजय गेला, त्यामुळे एकूण संख्या होती तेवढीच राहिली. हे फक्त आर्डिसबाईंनी हिशोब करून बघितलं, कारण टाळ्या वाजत असताना त्यांना दुसरं काही करायला नव्हतं. कुणी त्यांच्याशी वाईट वागलं नाही. उलट सगळे दार धरून उभे राहायचे, आजारी माणसासाठी धरतात तसं.

बाई कोट अडकवलेल्या खुंट्यांपाशी एकट्याच बूट चढवत होत्या, तेव्हा मारेन आली. तिच्या कानाला फोन होता.

"मिस ब्रेक्के, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं हा डाव आहे तुमचा. नाहीतर मी रेड फोर्कच म्हणाले असते."

"मग बरं झालं तुला वाटलं ते," बाई म्हणाल्या.

"आजोबा आहेत फोनवर. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. बोलाल? ते जास्त बोलत नाहीत."

बाईंनी एका पायात बूट तसाच ठेवून फोन घेतला. पलीकडे आधी नुसता श्वास होता, आणि लांब कुठेतरी टीव्ही. मग म्हाताऱ्याचा जाड, सावकाश आवाज. त्याने आपलं नाव लार्स सॅटर सांगितलं. पोरीने सगळं सांगितलं म्हणाला. बाईंना वाटलं की आता हा आभार मानेल किंवा रागावेल, आणि दोन्हीला काय म्हणायचं ते त्या शोधायला लागल्या.

"मला एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "मी त्या पोरांना सांगत होतो, तिकडे आपली वाट बघत असतील, धीर धरा. दोन रात्री तेच सांगत होतो. पोरं म्हणायची, कोण असणार तिथे असल्या हवेत. होतं का कुणी?"

आर्डिसबाई भिंतीला टेकल्या.

"मी होते," त्या म्हणाल्या. "कॉलेजच्या मागेच राहायचे तेव्हा, चालत आले. सहा टेबलं मांडली होती. संघांच्या नावाच्या पाट्या ठेवल्या होत्या."

"किती वाजेपर्यंत?"

"शनिवारी अंधार पडेपर्यंत. रविवारी पण आले होते."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"मग मी त्यांना खोटं नाही सांगितलं," म्हातारा म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या.

दोघांनीही फोन ठेवला नाही. खिडकीबाहेर संघांच्या गाड्या एकेक करून सुरू होत होत्या, दिवे लावून, हळू. मारेन थोडी लांब जाऊन, कुणाचा तरी कोट न्याहाळत असल्यासारखी, पाठ करून उभी राहिली.